पुण्याची हवा कुणाला मानवली

डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या वर्तमानपत्रांत किमान तापमानाची एक चौकट छापून येते. पाषाण, एनडीए, हवेली, शिवाजीनगर यांचे आकडे खालचे, तर वडगाव शेरी, मगरपट्टा यांचे वरचे. याच चौकटीत लवळे नावाचे एक केंद्र असते आणि ते वाचणाऱ्याला चकवते. उंचीवर जावे तसे गार होते, असे शाळेत शिकलेला माणूस टेकडीवरच्या लवळ्यात सर्वांत कमी आकडा शोधतो. तिथे तर पाषाणपेक्षा कितीतरी अंश जास्त! मगरपट्ट्याची ऊब सिमेंट-डांबराच्या नावावर खपवता येते, लवळ्याची येत नाही. आभाळ निरभ्र असावे, वारा पडलेला असावा, अशा रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते. तिच्या अंगालगतची हवा गार होते, जड होते, टेकड्यांच्या उतारांवरून हळूहळू ओघळते आणि मुळा-मुठेच्या काठच्या सखल भागात येऊन साचते. ऊब वर राहते, गारठा खाली. आणि साचलेल्या हवेत जे काही सोडले जाते, तेही तिच्याबरोबर साचते.

म्हणजे पुण्याची गुलाबी थंडी आणि जानेवारीत सकाळी सातला संगम पुलावरून दिसणारा करडा थर, दोन्ही एकाच रात्रीची कमाई आहे. पहिलीचे कौतुक दोनशे वर्षे चालू आहे, दुसऱ्याची रीतसर नोंद गेल्या पंधरा-वीस वर्षांतली. ‘पुण्याची हवा चांगली’ हे वाक्य मात्र इतके अंगवळणी पडले आहे की ते कोणी, कुठल्या महिन्यात आणि गावाच्या कुठल्या बाजूला उभे राहून म्हटले होते, हे विचारायचे राहूनच जाते.

पेशव्यांनी पुण्यात बस्तान बसवले ते हवेसाठी नव्हे. नानासाहेबांनी कात्रजहून पाणी आणले, बागा लावल्या, पर्वतीवर देवस्थान उभे केले. गावाची चिंता तेव्हा पाण्याची होती. हवा हा गावाचा गुण म्हणून मोजायला आणि मिरवायला सुरुवात झाली ती १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर, इंग्रजी फौजेची छावणी पडली तेव्हा. फौजेला शत्रूइतकेच भय तापाचे आणि पटकीचे. सैनिक कुठे कमी मरतो, हा हिशेब ठेवणाऱ्या कारभाराला समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरचे, कोरडे, सह्याद्रीच्या पाठीमागे दडलेले हे गाव फारच सोयीचे वाटले.

यातला पहिला चिकट मोजणारा म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामाला लावले. हा गृहस्थ पक्षी, मासे, पिके, लोकसंख्या, जे दिसेल ते मोजत सुटला, आणि त्यात हवेचा दाबही मोजला. दख्खनमध्ये दाबमापकातला पारा रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली. समुद्राला जशी भरती-ओहोटी, तशी हवेलाही. १८२५ ते १८३० या काळातल्या या नोंदी त्याने १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या. पुढे हाच साइक्स ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. पुण्याच्या हवेचा जगाशी पहिला परिचय ‘आल्हाददायक’ वगैरे विशेषणांनी झाला नाही, पाऱ्याच्या तक्त्याने झाला, याचे मला अजून बरे वाटते. विशेषणे लगोलग आलीच.

ती आणली गव्हर्नरांनी. मुंबईच्या गव्हर्नरचे वर्ष तीन गावांत वाटलेले असे: थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. सर जॉन माल्कमने १८२८ मध्ये कॅप्टन फोर्डचा दापोडीचा बंगला सरकारसाठी घेतला. नदीकाठी होता, भोवती वनस्पतिबाग होती. काही दशकांनी तो अपुरा वाटू लागला आणि सर बार्टल फ्रिअरने गणेशखिंडीत नवा वाडा बांधायला काढला. १८६४ ला सुरू झालेले काम १८७१ ला पुरे झाले. हेच आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत असलेले गव्हर्नमेंट हाउस. दरम्यान १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी आली होती आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढही रुळांवर आला, त्यामुळे सरकारचे दप्तर घाटावर चढवणे सोपे झाले होते.

पावसाळ्यातच पुणे का, याचे उत्तर घाटमाथ्यावर आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सरासरी साडेसातशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि पुण्याला उरते ती भुरभुर, मळभ, आणि पश्चिमेचा अखंड वारा. मुंबईत कपाटातल्या जोड्यांना बुरशी येत असताना पुण्यात घोड्यांच्या शर्यती, मेजवान्या आणि कौन्सिलच्या बैठका चालत. ‘पूना सीझन’ म्हणतात तो हा. १ जून १९३० ला सुरू झालेली दख्खनची राणीसुद्धा पहिल्यांदा आठवड्याच्या अखेरीला मुंबईकर शर्यतवाल्यांना आणण्यासाठी धावली.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. ज्या हवेची कीर्ती गव्हर्नराने आणि त्याच्या लवाजम्याने जगभर केली, ती जुलै ते ऑक्टोबरमधली हवा होती. धूळ बसलेली, वारा वाहता, पावसाने धुतलेली. आजच्या यंत्रांना विचारले तरी ते हेच महिने वर्षातले सर्वांत स्वच्छ सांगतील. वारा पडल्यावर, दिवाळी उलटल्यावर, गार हवा दरीत साचू लागल्यावर मात्र लाटसाहेब मुंबईला समुद्रकाठी गेलेला असे. शिवाय गणेशखिंड गावाच्या वायव्येला, उंचवट्यावर. पावसाळी वारा आधी तिथे पोचणार आणि मग पेठांवर. डिसेंबरची रात्र कसब्याच्या बोळात काढून कोणी प्रशस्तिपत्र दिले असते तर ते जरा वेगळ्या शब्दांत आले असते. 

कारण पेठांतली हिवाळी हवा ही मुख्यतः धुराची होती. वाड्याच्या मागच्या चौकात पहाटे चारला बंब पेटत. तांब्याचा तो उभा बंब, मधून नळकांडे, खाली निखारे. लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते त्यात जाई. एका वाड्यात दहा बिऱ्हाडे म्हटली तरी बंब, चुली आणि शेगड्या मिळून केवढा कारखाना! आणि तो नेमका हवा सर्वांत निपचित असते त्या वेळेला सुरू व्हायचा. बंबाच्या पाण्याची ऊब आठवून हळवे होणारे पुष्कळ लेख मी वाचले आहेत. ढलपी ओली निघाली की डोळे चोळत फुंकणी फुंकणाऱ्या बाईच्या फुप्फुसांवर लिहिलेला एकही नाही.

मग १८९६-९७ चा प्लेग आला. रँडच्या तपासण्या, २२ जून १८९७ चा गोळीबार हे सगळे परिचित आहे. त्याची एक बाजू हवेची आहे. पिसवांचा आणि उंदरांचा संबंध तेव्हा डॉक्टरांतही सर्वमान्य नव्हता. अंधारी खोली, कोंदट हवा, दाट वस्ती यांवरच संशय. घरांची कौले उतरवून ऊन आत घेतले गेले, आणि लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले. कारण अर्धवट बरोबर होते, उपाय मात्र लागू पडला, कारण माळावर उंदीर कमी. पुणेकराच्या मनात त्यातून एक समीकरण पक्के झाले: गाव म्हणजे रोग, मोकळा माळ म्हणजे आरोग्य. लकडी पूल ओलांडून भांबुर्ड्याच्या शेतांकडे, डेक्कन जिमखान्याकडे, पुढे प्रभात रस्त्याकडे मध्यमवर्ग सरकला त्यामागे हे समीकरण आहेच. निवृत्त मामलेदार, इंजिनिअर, हेडमास्तर यांनी नोकरीभर निरनिराळ्या गावांचे पाणी पिऊन शेवटी इथे बंगली बांधली आणि ‘पेन्शनरांचे पुणे’ तयार झाले. डॉक्टर हवापालट सांगत, दमेकऱ्याला कोकणातून घाटावर पाठवत. क्षयाच्या रोग्यांसाठी औंधला, बऱ्याच मोकळ्या जागेत, रुग्णालय झाले. तेव्हा औंध म्हणजे गावाबाहेर. आज औंधला गावाबाहेर म्हणणाऱ्याला इस्टेट एजंट हसेल.

१९२८ मध्ये या कीर्तीला सरकारी शिक्काच बसला. १८७५ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या हवामान खात्याचे मुख्यालय १९०५ ला सिमल्याला गेले होते, ते पुण्याला आले. शिवाजीनगरच्या चौकात मनोऱ्याची दगडी इमारत उभी राहिली आणि लोकांनी तिला सिमला ऑफिस म्हणायला सुरुवात केली. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलले. पुण्यात खात्याच्या मोठ्या शाखा राहिल्या, आणि बसथांब्याचे नाव सिमला ऑफिसच राहिले. पुणेकराने या वेधशाळेवर विनोद पुष्कळ केले, पावसाचा अंदाज आला की छत्री घरी ठेवावी वगैरे. या गावाच्या हवेविषयी जे काही खरे ठाऊक झाले ते त्याच आवारात आणि त्याच्या आसपास झाले, हे विनोदात कधी येत नाही.

मला त्यातली सर्वांत आवडती गोष्ट एल. ए. रामदास यांची. सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. १९३२ पासून पुण्यात शेतीच्या हवामानाचे काम त्यांनी उभे केले. पाऊस-वाऱ्याच्या मोठ्या नकाशांऐवजी पिकाच्या बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर काय तापमान असते, हे ते मोजत. तोवर सगळे धरून चालले होते की निरभ्र रात्री सर्वांत थंड जागा म्हणजे खुद्द जमीन. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये दाखवले की तसे नसते. वारा नसलेल्या रात्री सर्वांत कमी तापमान जमिनीपासून काही सेंटिमीटर ते अर्धा मीटर वर सापडते. जमीन त्याहून थोडी उबदारच असते. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी बराच काळ ‘तुमची मोजणी चुकली असेल’ म्हणून ते बाजूला सारले. त्याचे समाधानकारक गणित बंगळूरच्या रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मांडले. आज त्या पातळ पडद्याला जगभर ‘रामदास लेयर’ म्हणतात. शेतकऱ्याला यातून द्राक्षाला किंवा भाजीला थंडी नेमकी कुठल्या उंचीवर बाधते हे कळले. पुणेकराने त्यातून एवढे घ्यावे की रात्रीच्या हवेचे थर असतात आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत.

ते थर किती पक्के बसू शकतात याचा पुरावा १७ जानेवारी १९३५ चा. त्या दिवशी पुण्यात १.७ अंश सेल्सिअस नोंदले गेले. हा नीचांक अजून मोडलेला नाही. उच्चांक ४३.३ अंशांचा, ३० एप्रिल १८९७ चा, प्लेगच्या वर्षातला. ‘सदासुखी’ हवेच्या गावाला एवढा पल्ला आहे.

१९४८ मध्ये अ‍ॅना मणी विलायतेहून परतून पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. आयात यंत्रांवर अवलंबून असलेल्या खात्यात दाबमापकापासून सूर्यकिरण मोजणाऱ्या उपकरणांपर्यंत देशी बनावटीची मालिका त्यांनी उभी केली, वातावरणातला ओझोन मोजणारे यंत्रही त्यात आले. १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था पुण्यात निघाली. आज ती पाषाणला आहे. हवा मोजणाऱ्यांची एवढी गर्दी देशातल्या दुसऱ्या कुठल्या गावात क्वचितच असेल.

गंमत अशी की ही सगळी मोजणी चालू असताना त्याच दशकांत हवा बदलत होती आणि मोजणाऱ्यांचे लक्ष मॉन्सूनकडे होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत, टेल्को, आकुर्डीत बजाज, मुंढव्यात भारत फोर्ज. कारखान्यांच्या धुराड्यांपेक्षा त्यांच्या मालाने पुण्याची हवा अधिक बदलली, असे माझे मत आहे. १९७२ मध्ये बजाज चेतक आणि कायनेटिकची लूना दोन्ही बाजारात आल्या. चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या गावात त्या नंबराची वाट बघणे हे संसारातले एक स्वप्न झाले. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर तेलही जाळते, निळसर धूर सोडते, आणि तो नळीतून बाहेर पडतो तो माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर. मुली स्कार्फ बांधून गाडी चालवू लागल्या तेव्हा बाहेरगावच्या लोकांनी त्याची थट्टा केली. खरे तर ती या गावाच्या हवेवरची पहिली जाहीर तक्रार होती. २०१८ मध्ये शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या छत्तीस लाखांवर गेली आणि वाहनांनी माणसांना मागे टाकले अशी बातमी आली.

२०१० च्या सुमारास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांतल्या हवेचा अभ्यास करवला. पुण्याचे काम वाहनउद्योगाच्या संशोधन संस्थेकडे, एआरएआयकडे गेले. ती संस्था वेताळ टेकडीवर आहे. रोज पहाटे शुद्ध हवेसाठी टेकडी चढणाऱ्यांची वाट तिच्याच कुंपणापाशी येते. अभ्यासात निघाले की हवेतल्या जाडसर कणांचा, म्हणजे पीएम १० चा, सर्वांत मोठा वाटा रस्त्यावरून पुन्हा पुन्हा उडणाऱ्या धुळीचा. सतत उकरलेले रस्ते, बांधकामाची माती, डंपरच्या चाकांबरोबर सांडणारी खडी. हे वाचून कुणालाही धक्का बसला नाही, आणि धक्का न बसणे हेच मला त्यातले वाईट वाटते. बारीक कणांचे, पीएम २.५ चे, प्रकरण निराळे आहे. ते ज्वलनातून येतात, वाहने, कारखाने, चुली, कचरा, आणि फुप्फुसात खोल उतरतात.

२०१३ मध्ये पाषाणच्या संस्थेने दिल्लीनंतर पुण्यात ‘सफर’ नावाची यंत्रणा लावली. शिवाजीनगर, पाषाण, कात्रज, हडपसर, लोहगाव, भोसरी, निगडी अशा ठिकाणी केंद्रे बसली आणि चौकाचौकांतल्या फलकांवर आकडे दिसू लागले. तेव्हापासून हिवाळ्याची दिनचर्या कुणीही वाचू शकतो. रात्री नऊनंतर आकडा चढू लागतो, पहाटे माथ्यावर असतो, सकाळी नऊ-दहाला ऊन जमीन तापवते तसा खालचा गार थर फुटतो, आणि दुपारी हवा हजार-दीड हजार मीटर उंचीपर्यंत घुसळली जाऊन आकडा उतरतो. पहाटे पाचला फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी हा आलेख एकदा बघावा. डिसेंबरात दुपारी चार ही फुप्फुसांना अधिक मानवणारी वेळ आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये जाहीर झाला तेव्हा मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत पुणे होते. पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. पुण्याचा आकडा आपल्या चाळिसाच्या आसपास घुटमळतो आणि ‘दिल्लीपेक्षा बरे’ म्हणून आपण मोकळे होतो.

वाऱ्याची दिशा आणि गावातली प्रतिष्ठा यांचे नाते गव्हर्नराबरोबर संपले नाही. कचरा डेपो आला तो आग्नेयेला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. तिथे तो पेटला की धूर पेठांना किंवा कोथरूडला लागत नसे. त्या गावांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. उलट गणेशखिंडीत आता कोणी हवा खायला जाणार नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, मग मेट्रोचे आणि नव्या पुलाचे काम सुरू झाले, आणि फ्रिअरच्या वाड्याच्या फाटकाबाहेर दुचाक्यांची रांग पहिल्या गिअरमध्ये धूळ खात सरकू लागली.

टेकड्यांचे भांडण यातूनच समजून घ्यावे लागते. उतारांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण असावे की थोडे बांधकाम चालावे, वेताळ टेकडीतून रस्ता न्यावा की नाही, यावर मोर्चे निघतात. २०२३ मध्ये मोठा निघाला. चर्चा झाडे, मोर आणि भूजल यांवर होते, आणि ती बरोबरच आहे. मात्र हेच उतार रात्री गार, निर्धूर हवा गावात सोडतात. तिथे इमारती आणि रस्ता आला तर खाली येणारी हवा धूर घेऊनच येईल.

दरम्यान बंब गेले, जुनी चेतक गेली, आणि शेकोटी राहिली. पालापाचोळा, खोक्यांचे पुठ्ठे, कधी प्लॅस्टिकही. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार, असा दंड हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये ठरवला. पावती फाडायची झाली तर ती बहुधा सोसायटीच्या फाटकावरच्या रखवालदाराच्या नावाने. त्याच्या केबिनला दार नसते, पहाटे चारला पाषाण-सूसच्या उताराखाली आठ-नऊ अंश असतात, आणि दाराचा नि साध्या हीटरचा खर्च सभेच्या विषयपत्रिकेवर कधी येत नाही. त्याच सोसायटीच्या जाहिरातीत टेकडीवरची शुद्ध हवा पहिल्या पानावर असते. विसाव्या मजल्यावर ती रात्री बहुधा असतेही, आणि तळमजल्यापेक्षा जरा उबदार.